विश्वासाचा परवाना

नागपूरहून वर्धा मार्गाने निघून खापरी मागे टाकली की मिहानचे विस्तीर्ण आवार लागते, आणि त्यातील विशेष आर्थिक क्षेत्राभोवती एक भिंत दिसते. फाटक, फाटकावर गणवेशधारी पहारेकरी, ओळखपत्रे पाहून घेणारी खिडकी, असे तिचे स्वरूप कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या आवारभिंतीसारखेच आहे. परंतु २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमाच्या ५३ व्या कलमान्वये त्या भिंतीच्या आतील भूमी, मंजूर व्यवहारांपुरती, भारताच्या सीमाशुल्क-प्रदेशाबाहेरची समजली जाते. त्यामुळे हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यातला लोखंडी भाग टेम्पोत घालून या फाटकातून आत गेला की कायद्याच्या लेखी ती निर्यात ठरते, आणि आतील वस्तू बाहेर पडून बुटीबोरीला पोचली की तिच्यावर आयातीप्रमाणे शुल्क लागते. ज्या शहरातून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, त्या शहराच्या वेशीवर अशी एक सीमा उभी आहे, आणि तिच्यावरून रोज ये-जा करणाऱ्या शेकडो कामगारांना तिची जाणीवही नसते.

दुसरी सीमा अजनीला आहे. तेथील अंतर्देशीय कंटेनर डेपोला व्यापारी मंडळी नुसते ‘आयसीडी’ म्हणतात. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाचे सातवे कलम बंदरे आणि विमानतळ यांच्याबरोबरच असे डेपोही सीमाशुल्काची ठाणी म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारला देते. प्रत्येक ठाण्याला जी संकेताक्षरे दिली जातात त्यांच्या शेवटी समुद्री बंदर असेल तर १, विमानतळ असेल तर ४ आणि अंतर्देशीय डेपो असेल तर ६ हा अंक येतो, एवढाच काय तो या तिघांत भेद. निर्यातदाराचा कागद, म्हणजे शिपिंग बिल, येथेच दाखल होतो. माल पाहायचा असेल तर येथेच पाहिला जातो. आणि ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ हा अखेरचा हुकूम एकदा येथे निघाला की मोहोरबंद डबा रेल्वेच्या रेकवर चढून न्हावा-शेव्याकडे चालू लागतो व मोहोर शाबूत असेल तर सामान्यतः पुन्हा न उघडता जहाजावर जातो. अर्थात ज्या प्रसंगी देशाची सीमा खऱ्या अर्थाने ओलांडली गेली तो प्रसंग अरबी समुद्राच्या काठी घडतच नाही. तो अजनीच्या यार्डात, मालधक्क्याच्या धुळीत आणि उन्हात घडलेला असतो.

आणि तिसरी सीमा, जिच्याविषयी या लेखात मुख्यत्वे लिहायचे आहे, ती याहूनही अलीकडे सरकलेली आहे. ती आता कारखान्याच्या स्टफिंग-यार्डात, व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या वह्यांत, त्याने नेमलेल्या पहारेकऱ्याच्या नोंदवहीत आणि त्याच्या ट्रकचालकाच्या चारित्र्यात येऊन बसली आहे. सरकारने व्यापाऱ्याला सांगितले आहे की, तुझ्या घराची राखण तू कर, ती नीट करतोस अशी माझी खात्री पटव, म्हणजे नाक्यावर तुला अडवणार नाही.

हा बदल किती मोठा आहे हे कळायला आपल्या मुलखाचा जुना इतिहास थोडा आठवावा लागेल. भोसल्यांच्या राज्यात सायर नावाने जकातीचे उत्पन्न होते, आणि नाक्यानाक्यावर दस्तक दाखवल्याखेरीज बैलांचे तांडे पुढे सरकत नसत. इंग्रजी अमलात तर मिठावरील कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, मध्य प्रांतातून आणि बुऱ्हाणपुरावरून जाणारी, दोन हजारांवर मैलांची एक आंतर्देशीय जकातरेषा आखण्यात आली. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवण्यात आले आणि तिच्या राखणीला सुमारे बारा हजार माणसे ठेवण्यात आली. या खात्याचे आयुक्तपद काही वर्षे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे होते, ज्यांना पुढे आपण काँग्रेसचे संस्थापक म्हणून ओळखू लागलो. राष्ट्रीय सभेच्या जनकाने आयुष्याची ऐन उमेदीची काही वर्षे काटेरी कुंपणाला पाणी घालण्यात वेचली, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांनी फारशी मिरवलेली नाही. १८७९ साली ती रेषा मोडली. पण नाका मात्र आपल्या मनातून आणि शहराच्या वेशीवरून हलला नाही. नागपूर महापालिकेचे जकातनाके २०१३ पर्यंत चालू होते. त्यांच्यापुढे रात्रीच्या रात्री तिष्ठणारे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, ते अजून चाळिशी-पन्नाशीतच आहेत.

नाक्याचे तत्त्वज्ञान सरळ होते. येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवीत आहे असे धरून चालायचे, आणि तो निर्दोष ठरेपर्यंत त्याला उभा करायचा. महसुलाच्या दृष्टीने यात काही अर्थ होता, कारण मिठाचे पोते हाताने चाचपता येते. परंतु चाळीस फुटी पोलादी डबा हाताने चाचपता येत नाही. तो पूर्ण उपसून, मोजून, पुन्हा भरायचा म्हटला तर मजुरांच्या एका टोळीचा दिवस जातो. आणि मोठ्या बंदरातून वर्षाला असे डबे लाखांनी जातात. म्हणजे सगळे तपासायचे तर व्यापार थांबतो, आणि सरसकट सोडायचे तर राज्य उघडे पडते. या पेचाची जाणीव सगळ्यांनाच होती. पण त्याच्यावर उपाय शोधण्याची निकड न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांनी आणली.

सप्टेंबर २००१ च्या त्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने त्याच वर्षी, नोव्हेंबरात, एक योजना सुरू केली. तिच्यात प्रारंभी अवघ्या सात मोठ्या कंपन्या होत्या. कंपनीने आपल्या मालाच्या साखळीतील प्रत्येक कडी, म्हणजे परदेशातील कारखाना, गोदाम, ट्रक, बंदर आणि जहाज, सुरक्षित करावी व तशी हमी द्यावी; मोबदल्यात सरकारने तिचे डबे कमी उघडावेत व आधी सोडावेत. ‘सी-टीपॅट’ या नावाने ती योजना आज ओळखली जाते, आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्या भारतीय कारखानदारांपैकी अनेकांनी ते नाव प्रथम आपल्या ग्राहकाच्या धाकदपटशाच्या पत्रातूनच ऐकले. २००५ च्या जूनमध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने हीच कल्पना सर्व देशांसाठी ‘सेफ’ नावाच्या मानकांच्या चौकटीत बसवली. तिचा एक खांब देशोदेशींच्या सीमाशुल्क खात्यांनी परस्परांशी केलेले सहकार्य हा, आणि दुसरा खात्याने व्यापाऱ्याशी केलेले सहकार्य हा होता. (या संघटनेची पहिली बैठक १९५३ साली २६ जानेवारीला भरली, म्हणून तो दिवस जगभर सीमाशुल्क दिन म्हणून पाळतात, आपल्याकडे त्या दिवशी दुसरे मोठे संचलन असल्यामुळे या दिनाकडे कोणाचे लक्ष जात नाही.) जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार-सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आला, तेव्हा अशा भरवशाच्या व्यापाऱ्यांना सवलत देणे ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारीच झाली.

आपल्याकडे हे वारे बाहेरूनच आले असे मात्र नाही. नाक्यावरचा सरसकट संशय सोडून जोखीम पाहून निवडक तपासणी करावी, हा विचार विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने २००२ मध्ये अप्रत्यक्ष करांच्या संदर्भात मांडला होता. २००५ च्या अखेरीस जोखीम-व्यवस्थापनाची संगणकीय पद्धत आली व तिच्यासोबत निवडक आयातदारांसाठी एक मान्यता-योजनाही आली. २०११ साली शुल्काची आकारणी प्रथम व्यापाऱ्यानेच स्वतः करावी असा बदल कायद्यात झाला, आणि त्याच वर्षी ‘ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर’ या लांबलचक नावाची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तिचे व्यापारी बोलीतले रूप ‘एईओ’ एवढेच आहे. जुलै २०१६ मध्ये जुनी मान्यता-योजना तिच्यात विलीन करून तिच्या पायऱ्या ठरवण्यात आल्या. आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा तीन, आणि कस्टम्स दलाल, वाहतूकदार, गोदामवाले, डेपोचालक यांच्यासाठी ‘एलओ’ नावाची एक वेगळी.

पहिल्या पायरीला कागदपत्रे पुरतात. व्यवसाय किती वर्षांचा आहे, हिशेब कसे ठेवले आहेत, कंपनी आपली देणी भागवण्यास समर्थ आहे किंवा नाही, गेल्या तीन वर्षांत फसवणुकीची नोटीस निघाली होती काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर द्यायची. दुसऱ्या पायरीपासून मात्र अधिकारी प्रत्यक्ष कारखान्यात येतात, आणि सोयरीक जुळवताना वधूपक्षाने मुलाचे घर पाहायला जावे तशी त्यांची नजर बैठकीच्या खोलीपेक्षा मागच्या अंगणावर असते. रात्रपाळीला फाटकावर कोण असतो, नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडून ओळखपत्र परत घेतले होते का, रिकाम्या सीलांची पेटी कोणाच्या कुलपात आहे आणि त्या कुलपाची दुसरी किल्ली कोठे आहे, हे प्रश्न ते विचारतात. प्रमाणपत्राच्या बदल्यात जे मिळते ते व्यापाऱ्याला कळणाऱ्या भाषेत आहे. तपासणी कमी, जेथे बँकहमी द्यावी लागते तेथे टी-१ ला निम्मी, टी-२ ला पाव आणि टी-३ ला ती पूर्ण माफ, वरच्या दोन पायऱ्यांवरील आयातदाराला माल आधी सोडवून शुल्क नंतर ठरल्या तारखेला भरण्याची मुभा, आणि अडचण आली तर ज्याच्याशी बोलायचे असा खात्यातील एक नेमून दिलेला अधिकारी. या शेवटच्या सवलतीचे मोल, ज्याने सरकारी कचेरीच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दिवस काढला आहे, त्यालाच कळेल.

आता ज्या गोष्टीवर हा सगळा डोलारा उभा आहे, ती डबा भरण्याची क्रिया जवळून पाहू. निर्यातीसाठी रिकामा डबा कारखान्यात येतो. त्यात माल चढवण्यापूर्वी तो सात ठिकाणी तपासायचा असतो: समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारे आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. हे कसे करायचे याला फार विद्या लागत नाही. वीस फुटी डब्याची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर असते. सुपरवायझर टेप घेऊन आत शिरतो, समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत माप घेतो, आणि ते हातभर कमी भरले तर समोरची भिंत खोटी आहे व तिच्यामागे पोकळी आहे हे शाळकरी मुलालाही कळते. मग तो हातोडीने भिंती ठोकत जातो. पोकळ आवाज आला तर थांबतो. छताकडे पाहतो, कारण नव्या रंगाचा ठिगळासारखा पट्टा संशयास्पद असतो. दारे मिटून आत उभा राहतो, म्हणजे कोठून उजेड आत येतो ते दिसते. जेथून उजेड येतो तेथून पाणीही येते, आणि नेमक्या याच कारणामुळे प्रामाणिक निर्यातदार ही तपासणी सरकारने सांगितली नसती तरी केली असती. माल भरून झाला की दारे लावून उजव्या दाराच्या कडीत बोटभर जाड पोलादी खिळ्याचे बाटलीसारखे सील दाबून बसवतात. ते बसवल्यावर बघायचे, क्रमांक कागदाशी ताडायचा, खाली ओढायचे, आणि पिळून पाहायचे. ओढल्यावर सुटले अथवा पिळल्यावर फिरले तर ते खोटे.

२०१७ पूर्वी कारखान्यात भरलेल्या डब्याला सील लावण्यासाठी केंद्रीय उत्पादनशुल्काच्या निरीक्षकाची वाट पाहावी लागे. त्याला आधी अर्ज द्यायचा, तो ठरल्या दिवशी यायचा, त्याच्यादेखत डबा भरायचा आणि त्याने आपल्या हाताने सील ठोकायचे, अशी पद्धत होती. त्या व्यवस्थेत गाडीची सोय, जेवणवेळ आणि इतर काही अलिखित बाबी कशा सांभाळल्या जात याविषयी जुन्या कारखानदारांना विचारले तर ते हसून विषय बदलतात. वस्तू व सेवा कर आल्यावर निरीक्षकाचा कारखान्याशी असलेला तो रोजचा संबंध तुटला, आणि निर्यातदाराने स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावावे असा नियम झाला. या सीलच्या पोटात एक रेडिओ-चिप असते. डबा डेपोच्या अथवा बंदराच्या फाटकाशी पोचला की यंत्र ती चिप वाचते, आणि सील वाटेत तोडले असेल तर ती चिप बोलत नाही. शासनाचा माणूस गेला, त्याच्या जागी व्यापाऱ्याची सही आणि एक चिप आली. माझ्या मते आपल्या निर्यातीच्या कारभारात गेल्या दोन दशकांत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि त्याच्याविषयी जितके बोलले जायला हवे होते तितके बोलले गेलेले नाही.

कारण चिप सीलची साक्ष देते, दाराची देत नाही. आंध्रातील शेषाचलमच्या डोंगरात होणारे रक्तचंदन देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, आणि म्हणूनच त्याच्या चोरट्या निर्यातीची प्रकरणे महसूल गुप्तचर संचालनालयाच्या दप्तरी वर्षानुवर्षे येत राहिली. त्यांपैकी अनेक प्रकरणांत रीत ठराविक होती. कारखान्यातून निघालेला डबा कागदावर भलत्याच निरुपद्रवी मालाचा असतो, सीलही खरे असते. वाटेत एखाद्या आडरानातील गोदामात ट्रक वळतो, सीलला हात न लावता दाराच्या कडीचे रिवेट अथवा बिजागरीचे बोल्ट काढले जातात, दार सीलसकट उचकटून आतला माल बदलतात, आणि नवे रिवेट ठोकून वर रंगाचा हात मारतात. बंदरावर पोचलेले सील तपासणाऱ्याकडे निरागसपणे पाहात असते. नागपूरहून रेकने जाणाऱ्या डब्याला ही भीती कमी. परंतु शिवमडक्यापासून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरता खुला झाल्यापासून रस्त्याने डबा धाडण्याचा मोह वाढला आहे, आणि त्या रस्त्यावर डब्याचा राखणदार एकच, तो म्हणजे चालक. एईओच्या प्रश्नावलीत वाहतूकदारावर भरपूर प्रश्न आहेत. पण वाहतूकदाराने काम दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याचा ट्रक बोलावला आणि तिसऱ्याने काल नोकरीला आलेला पोरगा गाडीवर बसवला, ही आपल्याकडची रोजची रीत त्या प्रश्नावलीच्या चौकटीत मावत नाही.

नागपूरच्या संदर्भात हा विषय रक्तचंदनापेक्षा पुष्कळ गंभीर आहे, याचे कारण सेमिनरी हिल्सवर आहे. देशातील स्फोटके, पेट्रोलियम आणि दाबाखालील वायू यांच्या सुरक्षिततेची देखरेख करणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संघटना, जिची परंपरा १८९८ पासूनची आहे, तिचे मुख्यालय येथील केंद्रीय कार्यालयांच्या संकुलात आहे. आणि बाजारगावच्या पट्ट्यापासून शहराच्या आसपास औद्योगिक स्फोटके बनवणारे देशातील मोठे कारखाने आहेत, ज्यांचा माल परदेशी खाणींपर्यंत जातो. अशा कारखान्याचा डबा चुकीच्या हाती गेला तर बुडालेल्या शुल्काचा हिशेब कोणी विचारणार नाही. अमोनियम नायट्रेटचेच पाहा. खत म्हणून जगभर वापरला जाणारा हा क्षार. परंतु आपल्याकडे २०११ साली, वजनाने ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण स्फोटक म्हणून घोषित झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे स्वतंत्र नियम आले, ज्यांच्याखाली आयात, साठवण आणि वाहतूक यांपैकी प्रत्येकासाठी परवाना लागतो.

त्याचे महत्त्व सामान्य माणसाला ४ ऑगस्ट २०२० रोजी कळले. बैरूतच्या बंदरात एका जहाजावरून उतरवून गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट त्या संध्याकाळी उडाले आणि अर्धे शहर काचेच्या चुऱ्यात गेले. त्याच आठवड्यात आपल्याकडे सर्वांना आठवण झाली, की चेन्नईजवळ मनलीच्या कंटेनर-स्थानकात २०१५ साली जप्त केलेले सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट अजून तसेच पडून आहे. मग धावपळ झाली, लिलावाचे काम मार्गी लागले, आणि डबे हैदराबादकडे निघाले. जप्ती करणारा कस्टम्सचा अधिकारी, परवाना देणारा स्फोटकांचा नियंत्रक आणि साठवण करणारा खासगी डेपोचालक, हे तिघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर होते. आणि तिघे बरोबर असूनही पाच वर्षे एक स्फोटक ढीग वस्तीजवळ होता. पुढे २०२१ मध्ये नियम बदलून जप्त मालाच्या विल्हेवाटीची वाट सोपी करण्यात आली. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २०१५ मध्येच आपल्या चौकटीला जो तिसरा खांब जोडला होता, म्हणजे सीमाशुल्क खात्याने सरकारच्या इतर खात्यांशी करायचे सहकार्य, त्याची गरज अन्य कोणत्याही उदाहरणाने इतकी स्पष्ट होणार नाही. नागपुरात तर सीमाशुल्क आणि स्फोटके या दोन खात्यांची कार्यालये शहरातल्या शहरात आहेत.

व्यापाऱ्यावर विश्वास टाकताना तो खात्यावरही टाकावा लागतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. ते स्फोटक द्रव्य काही आठवड्यांपूर्वी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, रात्रीच्या अंधारात उतरवण्यात आले होते. त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. चांदीची चोरटी आयात म्हणून ज्या वाटेकडे डोळेझाक करण्याची सवय लागली होती, त्याच वाटेने आरडीएक्स आले. म्हणून मला एईओच्या कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे कलम कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीच्या चौकशीचे वाटते, आणि तेवढी चौकशी खात्याच्या आत किती नियमाने होते हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रमाणपत्र मागणाऱ्या व्यापाऱ्यालाही असावा असे वाटते.

विश्वासाची दुसरी फसगत कागदी कंपन्यांची. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन डब्यांतून २,९८८ किलो हेरॉइन निघाले. कागदावर ते अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले शंखजिऱ्याचे दगड होते, आणि आयातदार म्हणून विजयवाड्यातील एका घराच्या पत्त्यावर नोंदलेली संस्था होती. आयात-निर्यात क्रमांक आणि पत्ता, एवढ्या भांडवलावर कोणालाही आंतरराष्ट्रीय व्यापारी होता येते. येथेच कस्टम्स दलालाचे, ज्याला जुने लोक अजून ‘सीएचए’च म्हणतात, काम पालटले आहे. २०१८ च्या नियमावलीने त्याच्यावर आपल्या अशिलाची ओळख, त्याचे क्रमांक आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरोखर व्यवसाय करतो की नाही हे पडताळण्याची जबाबदारी टाकली. २०२० च्या अखेरीपासून आयातीचे मूल्यांकनही ‘चेहराविरहित’ झाले. अजनीच्या आयातीचा कागद देशातल्या कोणत्या शहरातला अधिकारी तपासतो हे दलालालाच माहीत नसते. पूर्वी दलालाची पुंजी म्हणजे त्याची अधिकाऱ्यांशी असलेली ओळख. आता अधिकाऱ्याला चेहरा उरला नाही, तेव्हा त्याची पुंजी म्हणजे अशिलाविषयीची त्याची माहिती. धंद्यातील वडीलधाऱ्यांना हा बदल मानवत नाही. मला मात्र तो मनापासून पटतो.

जे पटत नाही ते असे, की ही सारी व्यवस्था बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्याला जशी अंगाबरोबर बसते तशी वरुड-काटोलच्या संत्राव्यापाऱ्याला बसत नाही. मोठ्या कारखान्यात सुरक्षा-अधिकारी असतो, लेखापरीक्षक असतो, प्रश्नावली भरणारा माणूस पगारावर असतो. संत्र्याचा व्यापारी नोव्हेंबर ते मार्च धावतो. त्याचा माल पश्चिम बंगालमधील पेट्रापोलच्या नाक्यावरून बांगलादेशात जातो, नाक्यावर ट्रकांची रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक तास संत्र्याच्या सालीवर दिसतो. त्यात बांगलादेशाने आयातकर वाढवीत नेऊन त्याचे कंबरडे आधीच मोडले आहे. पलीकडच्या सरकारच्या करावर आपल्या कोणत्याही प्रमाणपत्राचा इलाज नाही. परंतु अलीकडच्या नाक्यावर जर कोणाला वेळ वाचवून द्यायचा असेल तर तो, ज्याचा माल पडून राहिल्याने खराब होत नाही, त्या पॉलिस्टर धाग्याच्या आधी, नासणाऱ्या फळाला द्यायला हवा. जोखमीच्या संगणकाला हे कळत नाही. त्याला ज्याची नोंद अधिक तो भरवशाचा वाटतो. आणि ज्याची नोंद अधिक तो बहुधा मोठाच असतो.

खात्याला हे उमगले नाही असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये लघु व मध्यम उद्योगांसाठी अटी सैल करण्यात आल्या. पूर्वी वर्षाला निदान २५ शिपिंग बिले किंवा आयातीचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, दाखवावे लागत, ती अट १० वर आली. व्यवसायाच्या वर्षांची अट कमी झाली आणि भरायचे तक्तेही आटोपशीर झाले. हे योग्य दिशेचे पाऊल आहे, परंतु ते दिल्लीच्या परिपत्रकातून हिंगण्याच्या शेडपर्यंत पोचवण्याचे काम कोणाचे, हे कोणीच आपले मानलेले दिसत नाही. वर्षाला एखाद्या तारांकित हॉटेलात भरणारा मेळावा, त्यात पडद्यावर सरकणारी चित्रे आणि शेवटी भोजन, एवढ्याने ते होणार नाही. विदर्भातील व्यापारी संघटनांनी आपल्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस एक जाणता माणूस या अर्जांसाठी बसवला, आणि ट्रकमालकांच्या संघटनेने आपल्या चालकांची एक पडताळलेली, छायाचित्रासह यादी ठेवली, तर जी सुरक्षितता आज मोठ्यांच्या आवारभिंतीच्या आत अडकली आहे ती रस्त्यावर येईल. मोठ्या निर्यातदारांनीही वाहतुकीचे दर पाडताना हे ध्यानात ठेवावे, की अत्यंत स्वस्त पडलेल्या ट्रकचा चालकही तितकाच स्वस्त मिळालेला असतो, आणि त्याच्या हातात आपण आपल्या नावाचे सील देत असतो.

ज्या छोट्या कारखानदाराच्या हाती हा अंक पडेल, त्याला एवढेच सांगणे आहे. वर्षाला दहा कागद होत असतील, हिशेब सरळ असतील आणि फसवणुकीची नोटीस नसेल, तर टी-१ चा अर्ज करावा. तो संगणकावरून स्वतः करता येतो आणि त्याला सरकारी फी नाही. तो भरून देण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर ती देण्याआधी निदान एकदा तो अर्ज स्वतः वाचून पाहावा.